चित्राआधी कागद पाहायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

लिलावाच्या मुद्राचित्र विभागात (प्लेट, लाकूड, दगड वगैरेंवरून छापलेल्या चित्रांच्या विभागात) नव्याने येणाऱ्यांसाठी तुम्ही जी टिपणं लिहून ठेवलीत, त्यांच्याबद्दल हे आभाराचं पत्र. मुद्दाम उघड लिहितो आहोत. हे काम म्हणजे हातोडा, फलक आणि फोनवरच्या बोल्या असाच बाहेर समज आहे. प्रत्यक्षात वर्षाचा बहुतेक वेळ टेबल, भिंग आणि मोजपट्टी यांच्यात जातो, आणि तुमची टिपणं नेमकी त्याच वेळाची आहेत.

चौकटीतल्या चित्राची किंमत सांगायची नाही, हा तुमचा पहिला नियम. काच काढायची, माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) काढायचा, कागद मोकळा करून आधी पालथा करायचा. जुन्या चिकटपट्टीचा तपकिरी डाग, कागद सोलला जाऊन पातळ झालेली जागा, आम्लधर्मी पुठ्ठ्याने आणलेला पिवळेपणा, हे सगळं पाठीवरच दिसतं. संग्राहकाचा शिक्का सापडला, तर फ्रिट्स लुख्त यांच्या १९२१ च्या संग्राहक-शिक्क्यांच्या सूचीत तो शोधायचा. चांगला शिक्का कधी कधी सहीपेक्षा जास्त बोलतो.

मग उजेड. तिरप्या उजेडात सुरकुत्या दिसतात आणि छपाईच्या धातूच्या प्लेटच्या कडेची कागदावर उमटलेली खूण शाबूत आहे की कोणी कागद दाबून सपाट केला आहे, तेही कळतं. उजेडासमोर धरला की वॉटरमार्क आणि बुजवलेली भोकं. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली जुना कागद निळसर पांढरा चमकला तर थांबायचं, कारण तशी चमक देणारे ब्राइटनर (पांढरेपणा वाढवणारी रसायनं) कागदात साधारण १९५० पासून येऊ लागले. पण डिटर्जंटने धुतलेला कागदही चमकू शकतो, म्हणून ही चमक शंकेचं कारण, निकाल नव्हे. ही ओळ तुम्ही दोनदा अधोरेखित केलीत ते बरं झालं.

दहापट भिंगाखाली ठिपक्यांची नीटनेटकी जाळी दिसली की ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची आधुनिक छपाई. लिथोग्राफचे (दगडावरून छापलेल्या चित्राचे) कण अनियमित असतात, एचिंगमध्ये (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटच्या छपाईत) शाई रेषेवर किंचित उभी राहते, वुडकटमध्ये (लाकडी ठोकळ्याच्या छपाईत) ती दाबामुळे रेषेच्या काठाला सरकून गडद किनार करते. आणि पेन्सिलीची सही अस्सल असूनही खालचं चित्र ऑफसेटचं पोस्टर असू शकतं. मापं मिलिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, प्लेटची वेगळी आणि कागदाची वेगळी. एचिंगचा कागद ओला करून छापतात, तो वाळताना आक्रसतो, त्यामुळे चित्रकाराच्या कामांच्या सूचीत दिलेल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झाल्याने घाबरायचं नाही.

सगळ्यात जास्त ऋण आहे ते स्टेटवरच्या पानांचं. प्लेटवर बदल केला की पुढच्या छापांची नवी स्टेट, म्हणजे नवी अवस्था, धरतात. ड्यूररचं ‘मेलेन्कोलिया’ (१५१४) घ्या. चित्रातल्या आकड्यांच्या जादूई चौरसातला ९ उलटा असेल तर पहिली स्टेट, सरळ असेल तर दुसरी. रेम्ब्राच्या ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’मध्ये उजवीकडच्या गाढवाच्या मानेवर तिरप्या रेषा आहेत का, ते पाहायचं; असतील तर दुसरी स्टेट. पुढे अठराव्या शतकात कॅप्टन बेली यांनी तीच प्लेट पुन्हा कोरली आणि अखेर तिचे चार तुकडे केले, तेव्हा त्या तुकड्यांच्या छापाही बाजारात येतात. गोयाची ‘काप्रिचोस’ ही चित्रमालिका १७९९ ची, पण त्याच प्लेटांवरून १९३७ पर्यंत आवृत्त्या निघाल्या. अ‍ॅक्वाटिंटचे (प्लेटवर गडद छटा देणाऱ्या दाणेदार कोरकामाचे) कण प्रत्येक दाबाखाली झिजतात, काळोख राखाडी होतो, आणि शेवटी आकृतीमागची रात्रच गायब होते. चित्र गोयाचंच, प्लेट गोयाचीच, पण किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर. हे विक्रेत्याला समजावणं हाच आपल्या कामाचा अर्धा भाग.

अपवादही तुम्ही नीट नोंदवलेत. कापलेला समास हा दोष, पण व्हिसलर स्वतःच कागद प्लेटच्या कडेपर्यंत कापायचा आणि फुलपाखराच्या सहीपुरता एक लहानसा कान ठेवायचा. तिथे ‘समास कापलेला’ असा शेरा मारणारा अहवाल लिहिणाऱ्याचंच अज्ञान उघडं पाडतो. वॉरहॉलच्या १९६७ च्या ‘मेरिलिन’ची सही आणि शिक्क्याने उमटवलेला क्रमांक दोन्ही मागे असतात; नुसत्या पुढच्या बाजूचा फोटो पाहून मत देणं म्हणजे जुगार. आणि प्रतीवरचा २३/१०० म्हणजे तेविसावी छापलेली प्रत, हा समज तर जाता जात नाही. क्रमांक बहुधा सह्यांच्या वेळी पडतात, छपाईच्या क्रमाने नव्हे.

अंदाजपत्रकाचं पान रूक्ष आहे, पण रोज लागतं. मोठ्या लिलावांचे जाहीर निकाल सहसा बायर्स प्रीमियम (खरेदीदाराने लिलावगृहाला वर द्यायची रक्कम) धरून असतात, अंदाज मात्र हातोड्याच्या किमतीचा, म्हणजे नुसत्या शेवटच्या बोलीचा. दोन्ही एकाच रांगेत मांडले की नवा अंदाज फुगतो. राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती) खालच्या अंदाजाच्या वर ठेवायची नाही. विक्रेत्याला खूश करायला आकडा चढवला आणि वस्तू विकली गेली नाही, तर ती नोंद तिच्या मागे वर्षानुवर्षं राहते. त्यापेक्षा आधीच स्पष्ट बोलणं परवडतं.

नकाराच्या पत्राचा तुमचा नमुनाही आम्ही जसाच्या तसा वापरतो: वस्तू काय आहे ते एका वाक्यात, ती लिलावाला का चालणार नाही ते दुसऱ्या वाक्यात, आणि ‘दुर्दैवाने’ हा शब्द कुठेच नाही. आलेल्या चौकशांपैकी बहुतेकांना हेच पत्र जातं.

एक काम चालू आहे ते कळवतो. टिपणांत रेम्ब्राच्या चित्रांचे क्रमांक बार्टश यांच्या जुन्या सूचीचे आहेत. त्यांच्या शेजारी २०१३ च्या न्यू हॉलस्टाइन या नव्या सूचीचे क्रमांक आणि बदललेल्या स्टेट भरणं सुरू आहे. पुरं झालं की एक प्रत तुमच्याकडे पाठवू. लाल पेन हाताशी ठेवा.

तुमचे,
मुद्राचित्र विभागातले नोंदकार