सातबारा मालकाचा, पीक माझं: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातली शेतकरी. सरकारच्या कुठल्याही यादीत मात्र हा शब्द माझ्या नावापुढे नाही, कारण आमच्या नावावर जमीन नाही. गेली बारा वर्षं आम्ही नवरा-बायको दुसऱ्याचं तीन एकर रान ठोक्यानं, म्हणजे मालकाला वर्षाची ठरलेली रक्कम देऊन, करतो. हा व्यवहार पाडव्याला होतो, तोही तोंडी.

२०२० चा पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी कोरोनाची टाळेबंदी सुरू झाली. वर्षाचा ठोका आम्ही आदल्याच आठवड्यात रोख मोजला होता. रानात टरबुजं तोडणीला आली होती. ठरलेला व्यापारी फोन उचलेना. अडत बंद, आठवडी बाजार बंद. थोडी गावातच दारोदार विकली, थोडी शेजाऱ्यांच्या शेळ्यांना घातली, उरली ती वेलावरच सडली. शेवटी उभ्या वेलांवर रोटाव्हेटर फिरवला. त्या दिवशी मालक जेवले नाहीत, म्हणजे माझे मालक, घरचे.

२६ मार्चला केंद्राने मदत जाहीर केली. पीएम-किसानचे २,००० रुपये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना देऊ, असं सांगितलं. खरं तर वर्षाला ठरलेल्या ६,००० मधलाच तो हप्ता होता, लवकर दिलेला. तरी तो मिळाला असता तर खरिपाच्या बियाण्यासाठी कुणापुढे हात पसरायची वेळ आली नसती. तो हप्ता जमीनमालकाच्या खात्यावर गेला. ते शहरात असतात, नियमाने पात्र आहेत, आणि पैसे आल्याचं त्यांनीच मला फोन करून सांगितलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. योजनेने सातबारा पाहिला. वावरात कोण उभं आहे, हे विचारलंच नाही.

माझ्या जनधन खात्यावर एप्रिल, मे, जूनमध्ये पाचशे-पाचशे आले. त्यांनी चूल पेटली, ते मी विसरणार नाही. पण ते खातेदार बाई म्हणून आले. टरबूज लावणारीला काही आलं नाही.

२०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी योजना आणली, तीही पीएम-किसानच्याच यादीवर. पीकविम्यात ठोक्यानं करणाऱ्याला जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो करून कोण देतो? कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देणाऱ्या कूळ कायद्यात आपली जमीन जाईल, ही धास्ती मालकांच्या घराघरांत आहे, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी जमिनी जाताना पाहिल्या, त्यांना मी खोटं कसं ठरवू?

आंध्र प्रदेशाने यावर २०१९ मध्ये कायदा केला. मालकाच्या संमतीने कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं, मालकी हक्काला धक्का लागत नाही, आणि त्या कार्डावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई मागता येते. ओडिशाच्या कालिया या शेतकरी-मदत योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबंही धरली होती.

आपल्याकडे तर अर्धं काम झालेलं आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून पिकाची नोंद, आहे. दर हंगामात मीच वावरात उभी राहून, माझ्या मोबाइलवर, मालकाचं नाव निवडून पिकाचा फोटो काढते. त्याच ॲपमध्ये ‘प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव’ असा एक रकाना द्या. मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाऊ द्या, त्यांनी हो म्हटलं तरच नोंद व्हावी, आणि त्या नोंदीवरून कुळाचा हक्क लागणार नाही, हे कायद्यातच लिहा.

मालकाचे वर्षाचे ६,००० मला नकोत. पण पीक गेलं म्हणून जी मदत देता, ती ज्याचं पीक गेलं त्याच्या खात्यावर यावी. साथ असो, गारपीट असो.

येत्या पाडव्याआधी हा रकाना झाला, तर यंदाचा व्यवहार मी मालकांना ॲपवरच करायला सांगेन. ते तयार आहेत, मी विचारलं आहे.

आपली,
ठोक्यानं रान करणारी एक शेतकरी,
जि. लातूर