मेलनिककरांनो, आभार!

मेलनिक हे बल्गेरियातलं सर्वांत छोटं शहर मानलं जातं, पण आभार मानायला माणसं बरीच निघाली. वाळूखडकाच्या सुळक्यांमधून रोझेन मठाकडे जाणारी पायवाट पावसाने निसरडी झाली होती. तिथे आईचा हात धरून तिला वर नेणाऱ्या दोघी आजीबाई, तुम्हाला मनापासून धन्यवाद. (आजी त्या, दम मात्र आम्हाला लागला!) मठाच्या अंगणात द्राक्षवेलीखाली बसवून पाणी देणारे दादा, तुमचेही आभार. १७५४ सालच्या कोर्दोपुलोव्ह वाड्याचं खडकात खोदलेलं तळघर पाहून आलो, तर गल्लीतल्या काकांनी 'शिरोका मेलनिश्का' द्राक्षांची लाल वाइन चाखवली. आई घेत नाही म्हटल्यावर तिच्यासाठी लगेच द्राक्षाचा रस काढला. संध्याकाळची बस आलीच नाही, तेव्हा सांदान्स्कीपर्यंत सोडून वर पैसे नाकारणाऱ्या ताई, तुमचे तर उपकारच!