तळमजल्यावरच्या काकांना, कॉम्रेड्सच्या नव्वद किलोमीटरनंतर

तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

कॉम्रेड्स मॅरेथॉन धावून आले म्हणून गेल्या रविवारी दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळींनी माझा सत्कार केला, तेव्हा मी बँकेतल्या सहकाऱ्यांचे, घरच्यांचे आणि धावणाऱ्या मैत्रिणींचे आभार मानले. तिसऱ्या रांगेत काकूंच्या शेजारी बसलेल्या तुमचा उल्लेख मात्र केला नाही. घाईत राहून गेले असे म्हणणे खोटे ठरेल. तुमच्याविषयी दोन वाक्यांत काही सांगता येणार नाही, हे मला बोलायला उभी राहिल्यावर कळले आणि मी तुमचे नाव न घेताच खाली बसले. ते मनाला लागून राहिले आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. नाव छापायचे नाही ही तुमची अट पाळली आहे.

वाचणाऱ्यांसाठी शर्यतीविषयी थोडे सांगायला हवे. दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांदरम्यान धावली जाणारी कॉम्रेड्स मॅरेथॉन विक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ २४ मे १९२१ रोजी सुरू केली, आणि त्या दिवशी ३४ जण धावले होते. साधारणपणे एका वर्षी समुद्राकाठच्या डर्बनहून वर चढायचे असते, तर पुढच्या वर्षी वरून डर्बनला उतरायचे असते. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आणि मुदत १२ तासांची. मुदत संपल्याची बंदूक वाजली की जो रेषेपासून एका पावलावर आहे, त्यालाही पदक मिळत नाही. फ्रान्सिस हेवर्ड नावाची स्त्री १९२३ साली प्रवेश नाकारला असतानाही धावली आणि पोहोचली. स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला मात्र १९७५ साल उजाडले. हे वाचले तेव्हापासून ही शर्यत माझ्या डोक्यात बसली होती. पात्रतेसाठी पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत लागते, ती मी जानेवारीत मुंबईला पूर्ण केली.

माझ्या वाट्याला उताराचे वर्ष आले, आणि मी जिन्यात तुम्हाला आनंदाने म्हणाले होते, ‘‘बरे झाले काका, उतरायचेच आहे.’’ तुम्ही हसला नाहीत. मालगाडीचे गार्ड म्हणून ३४ वर्षे गोध्रा-रतलामच्या बाजूला रात्री काढलेल्या माणसाला उतार म्हणजे काय ते ठाऊक होते. ‘‘गाडी चढावर अडली तर मागून दुसरे इंजिन लावता येते,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘उतारावर सुटली तर तिला कोणी धरत नाही.’’ पुढे वाचले तेव्हा कळले की तुमचे म्हणणे शरीरालाही तंतोतंत लागू आहे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच सगळे वजन पेलतो आणि त्यात त्याचे तंतू दुखावतात. पण असा मार बसून एकदा बरा झालेला स्नायू पुढच्या वेळी तोच मार अधिक सोसतो. म्हणजे उतार सोसायचा तर आधी उतारच धावायला हवा. आपले बडोदे तर ताटासारखे सपाट.

पावागढचा डोंगर तुम्हाला सुचला. चैत्री नवरात्रातली यात्रेकरूंची गर्दी ओसरल्यावर तुम्ही स्कूटर काढलीत, आणि मध्यरात्रीनंतर मला मागे बसवून पन्नासेक किलोमीटरवरच्या चांपानेरला नेलेत. पायथ्याच्या चांपानेरहून डोंगरावरच्या माचीपर्यंत तुम्ही मला स्कूटरवर चढवायचे, तिथून मी खाली धावत यायचे, पायथ्याशी पुन्हा स्कूटर तयार. असे चार-चार वेळा. पहिल्या खेपेनंतर तीन दिवस मला जिना धरून उलट्या पावलांनी उतरावे लागले होते. तिसऱ्या खेपेनंतर मी सोमवारी नेहमीसारखी कामावर गेले.

शहरातल्या रात्रींविषयी काय लिहू? कॉम्रेड्स जूनमध्ये, म्हणजे तयारीचे सर्वांत कठीण आठवडे आपल्या एप्रिल-मेमध्ये येतात, जेव्हा दुपारचा पारा बेचाळीसच्या घरात असतो आणि सकाळी ७ नंतर रस्त्यावर थांबवत नाही. पन्नास किलोमीटर धावायचे तर रात्री १ला घर सोडणे भाग होते, आणि त्या वेळी एकट्या बाईने बाहेर पडू नये हे मला कोणी वेगळे सांगायला नको होते. सूरसागरावरून काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, फतेगंज, छाणी आणि पुढे कालव्याकाठचा अंधारा रस्ता, एवढ्या वाटेवर तुमच्या स्कूटरचा दिवा माझ्या मागे वीस पावलांवर असे. कुत्री अंगावर आली की तुमची जुनी गार्डची शिट्टी वाजे. डिकीत मीठ लावलेले उकडलेले बटाटे, ताक आणि पाण्याचे पाऊच असत. कॉम्रेड्समध्ये पाणी छोट्या बंद पिशव्यांतून देतात हे कळल्यावर, कोपरा दाताने फोडून धावता धावता पाणी प्यायची सवय तुम्ही मला तीन महिने आधीपासून लावलीत. तिथे पाण्याच्या टेबलांवर उकडलेले बटाटे आणि मीठ दिसले तेव्हा मला परके वाटलेच नाही.

हे सगळे तुम्ही केलेत याचे मोल मला फार उशिरा कळले. शर्यतीला निघण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी सहज सांगितले, ‘‘निवृत्त झाल्यावर यांची एकच हौस होती, रात्रभर अंथरुणात झोपायचे. चौतीस वर्षे ती झोप मिळाली नव्हती.’’ काका, तीच झोप तुम्ही फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत दर शनिवारी मला दिलीत, आणि एकदाही तसे जाणवू दिले नाहीत. मी पेट्रोलचे पैसे पुढे केले तेव्हा तुम्हाला राग आला होता. तो राग आज मला समजतो.

आता शर्यतीचे, जे तुम्हाला फोनवर नीट सांगता आले नाही. पीटरमारित्झबर्गला पहाटे कडाक्याची थंडी होती. तुम्ही दिलेला रेल्वेचा जुना निळा स्वेटर वाटेत टाकून द्यायचा असे ठरले होते, पण मला तो टाकवेना. उजाडल्यावर रस्त्याकडेला शेकोटीपाशी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या हातात मी तो दिला. त्यांनी तो लगेच अंगात घातला. तुम्हाला हे आवडेल असे वाटते.

तुम्ही जाड कागदावर लिहून, वर प्लास्टिक चढवून दिलेली ती ‘कॉशन ऑर्डर’ (गाडीचा वेग कुठे आवरायचा ते सांगणारा रेल्वेतला लेखी आदेश) माझ्या मुठीत होती. त्यावर वाटेतल्या टेकड्या होत्या: पॉली शॉर्ट्स, इंचांगा, बोथाज हिल, फील्ड्स हिल, काउइज हिल, प्रत्येकापुढे पोहोचायची वेळ आणि कुठे वेग आवरायचा त्याची सूचना. पहिल्याच उतारावर सगळे जण मला मागे टाकून जात होते आणि कागदावर लिहिले होते, ‘जाऊ दे त्यांना’. मी जाऊ दिले. इंचांगाजवळ एथेम्बेनी शाळेची दिव्यांग मुले हात पुढे करून रांगेत बसली होती. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हाताला हात लावल्याशिवाय मला पुढे जाववले नाही, आणि तिथे गेलेली मिनिटे तुमच्या वेळापत्रकात नव्हती. अर्धे अंतर गेल्यावर आर्थर्स सीट नावाची दगडातली एक बैठक लागते. पाच वेळा ही शर्यत जिंकलेला आर्थर न्यूटन तिथे विसावत असे म्हणतात, आणि धावणारे तिथे फूल ठेवून त्याला नमस्कार करतात. मीही केला.

फील्ड्स हिलवर माझी खरी परीक्षा झाली. वीस-पंचवीस किलोमीटर उरले असताना (तिथल्या पाट्यांवर उरलेले अंतर लिहितात) सुमारे तीन किलोमीटरचा तीव्र उतार येतो. माझ्या डाव्या मांडीत पेटके आले, दोन्ही अंगठ्यांची नखे सुटल्यासारखी झाली आणि आजूबाजूला माझ्याहून तरुण माणसे कठड्याला धरून उभी होती. मला माचीच्या रस्त्यावरची वळणे आठवली. पुढे ‘बस’ भेटली. ठरलेल्या वेळेत पोहोचवणाऱ्या म्होरक्यामागे एकत्र धावणाऱ्या जथ्याला तिथे तेच नाव आहे. त्या जथ्यात शिरून, अनोळखी भाषेतल्या गाण्याच्या ठेक्यावर मी डर्बन गाठले. ११ तास ३८ मिनिटे. ११ ते १२ तासांत पोहोचणाऱ्यांना विक क्लॅपहॅम यांच्या नावाचे छोटेसे पदक मिळते, ते मी सत्काराच्या आधी तुमच्या देवघरात ठेवून आले, ते काकूंनी तुम्हाला दाखवले असेलच.

त्या संध्याकाळी फोन केला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजत आले होते. तुम्ही अभिनंदन करण्याआधी विचारलेत, ‘‘उतारावर ब्रेक किती वेळा लावलास?’’ आणि मला रडू आल्यामुळे उत्तर देता आले नाही. पॉली शॉर्ट्सवर दोनदा, बोथाज हिलनंतर एकदा, फील्ड्स हिलवर चार वेळा आणि काउइज हिल उतरताना एकदा. एकूण आठ वेळा, काका. तुम्ही कागदावर लिहिले होते त्याहून एक अधिक.

काकूंना साष्टांग नमस्कार.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची
बडोदे