कॅल्शियमची गोळी कशी घ्यावी, तेही सांगा

महोदय,
'पन्नाशीनंतरची हाडे' हा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, हे त्यात बरोबर सांगितले आहे. पण गोळी कशी घ्यावी यावर एकही ओळ नाही आणि घोळ नेमका तिथेच होतो.

वेष्टनावर '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' असते, तेव्हा त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच. एका वेळी शरीर साधारण तेवढेच नीट शोषते, म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊन फायदा नाही. कार्बोनेट विरघळायला जठरातले आम्ल लागते, तेव्हा ते जेवणासोबतच घ्यावे. ॲसिडिटीचे औषध रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेटबद्दल, म्हणजे आम्लाविनाही शोषल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकाराबद्दल, डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास थांबावे. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.

अर्थात आधी ताट पाहावे. आपल्या इंदुरी पोहे-जिलबीत कॅल्शियम नावालाच. पाव लिटर दुधातून मात्र सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते. पालकावर भिस्त नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम फारसे अंगी लागत नाही.

– एक वाचक, इंदूर