वजन उतरल्यावरचं पत्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. ठरवलेलं वजन गाठलंस ही एवढी मोठी बातमी तू एका ओळीत उरकलीस आणि पुढची दीड पानं 'आता जेवणाकडे लक्ष द्यावंसंच वाटत नाही' हे सांगण्यात घातलीस. वाचून काळजी वाटली, कारण तीन वर्षांपूर्वी मी नेमका याच जागी उभा होतो आणि तिथून घसरलो. तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

वजन उतरत असतं तेव्हा हुरूप मागावा लागत नाही. रविवारी सकाळी काट्यावर उभं राहिलं की अर्धा किलो कमी दिसतो, जुने कपडे सैल होतात, भेटेल तो 'बारीक झालास रे!' म्हणतो. मग एके दिवशी हवा तो आकडा येतो आणि सगळं थांबतं. काटा तिथेच राहतो. लोकांची नजर सरावते, कुणी काही म्हणत नाही. भात, ब्रेड, साखर टाळायचे कष्ट मात्र तेवढेच. काम चालू आणि मोबदला बंद, असं किती दिवस निभणार? म्हणून 'माझी इच्छाशक्तीच संपली' हे तुझं वाक्य मला पटलेलं नाही. ती संपलेली नाही, तिला दर आठवड्याला मिळत होतं ते मिळेनासं झालंय.

मी काय केलं ते सांगतो. 'झालं एकदाचं' म्हणालो आणि वजनाचा काटा कपाटाखाली सरकवला. मग एका समारंभात पोटभर भात आणि गोड खाल्लं. दोन दिवसांनी काटा बाहेर काढून पाहिलं तर दीड किलो वाढलेलं! सगळी मेहनत पाण्यात गेली असं वाटलं. खरं तर ते बरंचसं पाणीच होतं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कर्बोदकं, म्हणजे भात, ब्रेड, साखर यांतला पिठूळ-गोड भाग, कमी केली की हा साठा उतरतो, पुन्हा खाल्ली की भरतो. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेलं वजन बरंचसं हेच असतं आणि एका जेवणाने परत येतं तेही हेच. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. त्या एका जेवणात तेवढ्या असणं शक्यच नव्हतं. पण मला हे ठाऊक नव्हतं. 'बिघडलंच आहे तर बिघडू दे' म्हणून मी हात सैल सोडला आणि पुढच्या आठ महिन्यांत सहा किलो खरोखरच परत आलं. एका सकाळी पँटचं बटण लावताना श्वास रोखून धरावा लागला. आरशाकडे पाठ करून मी ते लावतोय, हे एकदम ध्यानात आलं आणि तसाच पलंगाच्या कडेवर किती तरी वेळ बसून राहिलो. ती सकाळ तुझ्या वाट्याला येऊ नये.

तू लिहिलंयस की भूक आधीपेक्षा जास्त लागते. ती खरी आहे, मनाचे चोचले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजन उतरवलेल्या माणसांची भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतर पुन्हा मोजली. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन अजून कमीच होतं आणि भूक जागवणारं घ्रेलिन वाढलेलंच होतं. शिवाय हलकं झालेलं शरीर कमी ऊर्जा खर्च करतं. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी, अशा कात्रीत तू सापडला आहेस. यावर माझा अनुभव असा, की ताटातलं प्रथिन आधी संपवायचं. अंडी असोत, मासे असोत की पनीर. ते आधी पोटात गेलं की बाकीच्याचा मोह निम्मा होतो.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. वजन उतरत होतं तेव्हा रोजच्या ऊर्जेचा काही भाग आपल्याच कमरेवरच्या चरबीतून येत होता. आता तो भाग ताटातून यायला हवा. काही जण ते न करता अर्धपोटी राहतात आणि एक दिवस कडेलोट होतो. मी उलटं केलं: कर्बोदकं परत आणली आणि लोणी, चीज, सुकामेवा पूर्वीच्याच सढळ हाताने चालू ठेवला. एक वाढलं की दुसरं थोडं आवरावं लागतं. तू सध्या दिवसाला ३० ग्रॅम कर्बोदकांवर आहेस ना? दर आठवड्याला दहा-दहा ग्रॅम वाढवून बघ, तेही साखरेतून नव्हे, तर फळं, डाळी आणि भाज्यांतून. कुठे तरी वजन चढू लागेल किंवा गोडाची ओढ परत जागी होईल. त्याच्या जरा अलीकडे थांब. माझा मुक्काम ९० ग्रॅमच्या आसपास आहे. तुझा ६० असेल, १२० असेल. मात्र मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हा बदल डॉक्टरांना आधी सांग.

आता हुरुपाचं. काट्यावरचा आकडा थांबलाय, तर दुसरा एखादा चढता आकडा हाताशी घे. मला तो जोर मारण्यात सापडला. सुरुवातीला जेमतेम तीन निघायचे आणि दंड थरथरायचे. तारीख आणि आकडा एका छोट्या वहीत लिहीत गेलो. आज पंचवीस निघतात. तीच रविवार सकाळची जुनी खुशी परत आली आणि स्नायूही टिकले.

काटा कपाटाखाली मात्र सरकवू नकोस. एका आकड्याऐवजी पट्टा ठरव, खाली दीड किलो, वर दीड किलो. पट्ट्यात आहेस तोवर निवांत राहा. वरची रेघ ओलांडलीस की दोन आठवडे सुरुवातीसारखंच कमी कर्बोदकांचं जेवण, ना आरडाओरडा, ना पश्चात्ताप. अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली. किमान १३.६ किलो उतरवून निदान वर्षभर टिकवलेल्या हजारो माणसांची तीत नोंद आहे. त्यातले बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि रोज तासाभराच्या आसपास व्यायाम करतात. त्या नोंदींतली मला सर्वांत धीर देणारी गोष्ट ही, की दोन ते पाच वर्षं टिकवलं की पुढे टिकण्याची शक्यता खूपच वाढते. तुझी चढण आयुष्यभर इतकीच उभी राहणार नाही.

जाता जाता एक आठवलं. लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने १८६३ साली एक जाहीर पत्र छापलं होतं. ब्रेड, साखर, बटाटे, बिअर सोडून त्याने साधारण वर्षभरात २१ किलो वजन उतरवलं होतं. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला 'बांता' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. तो १८७८ पर्यंत जगला. ते २१ किलो सगळ्यांना ठाऊक आहेत, पण पुढची पंधरा वर्षं तो रोज काय जेवला हे कुणी विचारत नाही. मला तीच पंधरा वर्षं महत्त्वाची वाटतात.

आणि 'आता झालंस ना बारीक, खा की!' असा आग्रह होतो म्हणतोस. पूर्वी मी 'डाएटवर आहे' असं सांगायचो. लोक लगेच विचारायचे, कधी संपणार? आता 'मी असंच जेवतो' एवढंच सांगतो. पुढचा प्रश्न येत नाही, आणि माझ्या स्वतःच्या कानांनाही ते रोज ऐकायला मिळतं.

या रविवारी वजन कर, पट्टा ठरव आणि दोन्ही रेघा मला कळव. जोर किती निघाले तेही लिही, तीन असले तरी लिही. मी इकडे माझ्या वहीत तुझ्यासाठी एक रकाना आखून ठेवलाय.

तुझाच,
जुना सोबती