पाळी थांबताना वाढलेल्या फिट्स

महोदय,

माझ्या थोरल्या जाऊबाईंना पाळीच्या आसपास फिट्स येत. पाळी थांबण्याच्या काळात त्या वाढल्या. बाईच्या शरीरातल्या हार्मोन्सपैकी इस्ट्रोजेन मेंदूला उत्तेजित करते, प्रोजेस्टेरॉन शांत करते आणि या काळात हा तोल बिघडतो, हे आधी कुणीच सांगितले नव्हते. पाळी पूर्ण गेल्यावर अशा अनेकींचा त्रास कमीही होतो. मात्र अंगातून वाफा येतात म्हणून हार्मोनच्या गोळ्या मेंदूविकारतज्ज्ञांना न विचारता घेऊ नयेत. फिट्स वाढू शकतात. फेनिटोइन, कार्बामॅझेपिन ही फिट्सवरची औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने ड जीवनसत्त्व घटू शकते, हाडे ठिसूळ होऊ शकतात. हाडांसाठी नाचणी, दूध, तीळ ताटात हवेतच. आणि उपवास म्हणून गोळी चुकवणे? जाऊबाईंची आषाढीची फिट आम्ही विसरलेलो नाही. चाळिशीनंतर स्त्रीरोगतज्ज्ञांनी हा विषय स्वतःहून काढावा.

— एक वाचिका, सातारा