व्हिप नव्हता, मग अडले कुठे?

संपादक महोदय,

राष्ट्रीय धोरणावर खासदारांना छेडले की पक्षशिस्तीकडे बोट दाखवले जाते. पण ८ डिसेंबर २०२३पासूनची कांदा निर्यातबंदी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने आली. सभागृहात मतदानच नव्हते, मग व्हिप (कसे मत द्यायचे याचा पक्षादेश) कसला? तरीही सत्ताधारी बाकांवरून ‘पाठपुरावा सुरू आहे’ छापाचीच उत्तरे! बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. तोवर आमचा रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा पडेल त्या भावात विकून झाला होता. पाठपुराव्याची पत्रे आणि मंत्रालयाची उत्तरे खासदारांनी तारखांसह जाहीर करावीत. निवेदन स्वीकारतानाचे फोटो पुरे झाले.

– एक कांदा उत्पादक, निफाड (जि. नाशिक)